तपासणाऱ्या बाईंचा डबा

येरवड्याच्या चौकातून आत वळलं की टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर एक ऑफिस आहे. पाटी आहे, पण ती वाचून आत काय चालतं ते कुणाला कळेल तर शपथ. खालच्या टायरवाल्याला अजून वाटतं की वर विम्याचं काहीतरी असावं. प्रत्यक्षात वर आठ माणसं बसतात आणि कापलेला डोंगर रस्त्यावर येईल की जागच्या जागी राहील हे सांगणारं सॉफ्टवेअर बनवतात. म्हणजे सात माणसं बनवतात. आठव्या आम्रपालीबाई ओव्हाळ काही बनवत नाहीत. सातांनी बनवलेलं बरोबर आहे का, ते त्या हाताने गणित करून तपासतात. गेली बावीस वर्षं त्यांचं हेच काम आहे.

डोंगर येतो म्हणजे कसा, ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. घाटात रस्ता काढताना डोंगर कापतात. कापलेल्या बाजूला काही ठिकाणी खडकाचे उभे, सुटे ठोकळे असतात, फडताळात पुस्तकं कलती ठेवावीत तसे. वरचे उंच ठोकळे खालच्यांवर रेलतात. पायथ्याचे ठेंगणे बिचारे पाय रोवून सगळ्यांना थोपवून धरतात. ते हरले की अख्खी रांग उलथते. हे गणित वरच्या ठोकळ्यापासून सुरू करून, कोण कुणाला किती ढकलतो ते बघत, एकेक पायरी खाली आणायचं असतं. सॉफ्टवेअरला त्याला डोळ्याचं पातं लवायचा वेळ लागतो. बाईंना पेन्सिल, रेघी कागद आणि जुना कॅल्क्युलेटर घेऊन दीड दिवस.

बरं, नुसतं गणित करून भागत नाही. मानक, म्हणजे सुरक्षिततेची छापील नियमावली, लावावं लागतं. मानक सांगतं की बाबा रे, दगडाचं घर्षण तू मोजलंस त्यापेक्षा कमी धर, घात करणारं वजन आहे त्यापेक्षा जास्त धर, आणि एवढं करूनही उत्तर एकाच्या आत आलं तरच कडा पास. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला हे सगळं करावं लागत नाही. त्याने यादीतून मानक निवडायचं आणि चौकोनात खूण करायची. पण त्या एका खुणेमागे पंचवीस-तीस कलमं असतात, आणि प्रत्येक कलम कुणीतरी वाचून, समजून घेऊन आत बसवलेलं असतं. समजण्यात गफलत झाली तरी खूण तश्शीच दिसते.

म्हणून बाईंनी या ऑफिसात एक पद्धत घालून दिली होती. कुठलंही नवं कलम आलं की प्रोग्राम लिहिणाऱ्याने ते वेगळं वाचायचं, बाईंनी वेगळं वाचायचं. आपल्याला काय समजलं ते दोघांनी एकेका कागदावर साध्या मराठीत लिहायचं आणि पाकिटात बंद करायचं. मग साहेबांच्या, म्हणजे हिंमतरावांच्या टेबलावर दोन्ही पाकिटं एकदम फोडायची. कागद जुळले तर पुढे जायचं. नाही जुळले तर भांडायचं, आणि त्या भांडणातून जे निघेल ते बहुधा बरोबर असायचं. पाकिटं फुटेपर्यंत दोघांनी त्या विषयावर अवाक्षर काढायचं नाही.

इथवर सगळं शहाण्यासारखं होतं. पण बाईंनी त्याच नियमात आणखी एक ओळ घातली होती. तपासणाऱ्याने बनवणाऱ्यांसोबत जेवायला बसू नये.

"अहो बाई, जेवणाचं कशाला घालताय त्यात?" हिंमतराव तेव्हा म्हणाले होते. "आठ माणसांचं आपलं ऑफिस, कारखाना थोडाच आहे."

"जेवताना माणूस कामाचंच बोलतो," बाई म्हणाल्या. "राहू दे ती ओळ."

कारण खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. नव्वद साली बाई शिकून बाहेर पडल्या आणि पुण्यातल्याच एका मोठ्या ऑफिसात पहिल्या नोकरीला लागल्या. तिथे बायकांचं जेवणाचं एक टेबल होतं, सहा खुर्च्यांचं. बायका पाच. बाई डबा घेऊन गेल्या की सहाव्या खुर्चीवर कुणाची तरी पर्स असायची. कुणी वावगं बोललं नाही हं. अशा गोष्टी इथे बोलून करत नाहीत. पहिल्या दिवशी पर्स, दुसऱ्या दिवशी पर्स, आणि पर्सच्या मालकिणीचं लक्ष मात्र खिडकीबाहेर. चौथ्या दिवसापासून बाई आपल्या टेबलाशीच डबा उघडू लागल्या. ती नोकरी सोडून जमाना झाला. नव्या ऑफिसात तसं कुणी करेल असं मानायलाही जागा नव्हती. पण पुन्हा कुणाची पर्स खुर्चीवर येण्याआधी आपणच वेगळं बसावं, आणि त्याला नियमाचं नाव द्यावं, एवढी व्यवस्था बाईंनी करून ठेवली. त्यांना वाटलं, सुटले.

सुटल्या कसल्या. नियम पाळायला सगळ्यांना सोपा होता. हळूहळू कामाचं सोडा, लोक इतरही काही बोलेनासे झाले. नवीन आलेला माणूस आठवड्याभरात शिकायचा की कोपऱ्यातल्या मॅडमशी चार हात लांबून राहायचं. घरी विश्रांतवाडीला वडिलांनी निवृत्तीनंतर घेतलेली दोन खोल्यांची जागा. लग्नाचं कधी जमलं नाही, मग वय गेलं, मग आईवडील गेले. भाऊ नाशिकला, त्याचा फोन रविवारी. रविवारीच विहारात जायचं, वंदना झाली की चार बायकांशी 'जय भीम, कशा आहात' आणि परत. बाईंना मोजायची खोड. एकदा त्यांनी दिवसभरात आपल्या तोंडून निघालेली वाक्यं मोजली. अकरा भरली. त्यातली चार बसच्या कंडक्टरशी होती.

वडिलांचं नाव तात्याराव. खडकीच्या एका कारखान्यात ते सुट्या भागांची मापं तपासायचे. त्यांच्या खिशात पितळेचा एक तुकडा असायचा, मुद्दाम चुकीच्या मापाचा. रोज सकाळी मापाच्या साच्यातून पहिल्यांदा तो घालून बघायचे. साच्याने तो अडवला तर साचा ठीक. आत जाऊ दिला तर साचा झिजला. "चांगल्याला पास कोणीही करतं, पोरी," ते म्हणायचे. "वाइटाला अडवतो का ते बघायचं." तो तुकडा आता बाईंच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असतो. बाई त्याच चालीने सॉफ्टवेअर तपासत. गणित जुळलं की शेवटी एक वेडा आकडा घालायचा. सव्वाच्या जागी दहा, नाहीतर पन्नास. उत्तर वेडंवाकडं झालं पाहिजे. झालं की सही.

तर अशा या बाईंच्या समोर, दीडेक वर्षापूर्वी जानेवारीत, वल्लरी येऊन उभी राहिली. वय बेचाळीस, मुलगी अकरावीला, नऊ वर्षं घरी बसून पुन्हा प्रोग्राम लिहायच्या नोकरीला लागलेली. हातात डबा.

"इथे कुणी बसतं का?" तिने विचारलं.

"नाही. इथे कुणी बसत नाही."

"मग मी बसते."

बाईंनी नियम सांगितला. वल्लरीने नीट ऐकून घेतला आणि खुर्ची ओढली. "कामाचं बोलायचं नाही, एवढंच ना? मला कामाचं बोलायचंच नाहीये. तिकडे सगळे पंचवीस वर्षांचे आहेत, त्यांचं बोलणं मला निम्मं कळत नाही." मग तिची नजर बाईंच्या डब्यात गेली. "ही आंबाडी आहे का हो, ताई?" आणि उत्तराची वाट न बघता तिने बाईंच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि भाजीत बुडवला.

बाई त्या हाताकडे बघत राहिल्या. आपल्या डब्यात कुणी न विचारता हात घातला, ही गोष्ट त्यांच्या छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात ऑफिस नावाच्या ठिकाणी पहिल्यांदा घडत होती. आणि 'ताई'. एकवीस वर्षं मॅडम, बाई, ओव्हाळ मॅडम. ताई कुणी म्हणालं नव्हतं. त्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही, आणि ते वाईट वाटून नव्हे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चार भाकऱ्या केल्या.

पहिले दोन महिने खरोखरच कामाचं निघालं नाही. वल्लरीची मुलगी, वल्लरीचा नवरा, स्कूटरचा बिघडलेला स्टार्टर, मंडईत आंबाडी कुठल्या गाळ्यावर चांगली मिळते, हेच सगळं. बाई बोलू लागल्या. हसूसुद्धा लागल्या, तेव्हा पलीकडच्या टेबलावरच्या पोरांनी माना वळवून बघितलं. मग एकदा वल्लरी म्हणाली, "ताई, हे कलम काही डोक्यात शिरत नाहीये." बाईंनी हात वर केला. वल्लरीचं तोंड उतरलं, आणि ते उतरलेलं तोंड बाईंना बघवेना. "थोडक्यात विचार," त्या म्हणाल्या.

झालं. एकदा थोडक्यात, मग जरा सविस्तर, मग रोज. विचारणारं कुणी असावं, आपल्याला येतं ते ऐकणारं कुणी असावं, याची गोडी फार वाईट. बाईंना कळत होतं हो. न कळायला त्या काय दूधखुळ्या होत्या? पण त्या स्वतःला सांगत की मी फक्त वाट दाखवते, कागद ती स्वतः लिहिते. पाकिटं फुटायची आणि कागद जुळायचे. हिंमतराव खूश. "काय बाई, हल्ली भांडण नाही तुमचं. जमलंय बुवा दोघींचं."

अशातच त्या वजनाच्या कलमाची पाळी आली. मानकात लिहिलं होतं की घात करणारं वजन एक पूर्णांक पस्तीस पटीने वाढवा. वल्लरीने भाकरी मोडता मोडता विचारलं, "ताई, पायथ्याचे ठोकळे वेगळे धरायचे ना? ते तर थोपवून धरतात. त्यांचं वजन कशाला वाढवायचं?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "डोंगर एक, खडक एक. वजन एकाच ठिकाणाहून आलेलं, तर गुणकही सगळ्यांना एकच." बावीस वर्षांपूर्वी एका धरणाच्या भिंतीच्या कामात त्यांनी तसं केलं होतं आणि तिथे ते बरोबर होतं. एवढ्या सहज आठवलं, एवढ्या सहज बोलून गेल्या. वल्लरीने मान डोलावली. दोन्ही कागदांवर तेच आलं, 'डोंगर एक, खडक एक' या शब्दांसकट. मग बाईंनी दीड दिवस बसून हाताने गणित केलं. यंत्राचं उत्तर आणि त्यांचं उत्तर तिसऱ्या दशांशापर्यंत जुळलं. आता वेडा आकडा घालायचा, एवढ्यात वल्लरीने पलीकडून डबा वाजवून दाखवला. एक वाजून गेला होता. बाई सही करून हात धुवायला उठल्या.

मानकासह नवं व्हर्जन बाहेर पडलं. दीड महिना सगळं सुरळीत चाललं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी दुपारी ऑफिसात बाई आणि हिंमतराव दोघंच होते. मॅन्युअलमध्ये छापायला एक खरं उदाहरण हवं होतं, म्हणून वैजनाथ नावाच्या सल्लागार इंजिनियरने आपल्या घाटरस्त्याच्या कामाची फाइल पाठवली होती. सोबत चिठ्ठी होती. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मानक लावून उत्तर शून्य पूर्णांक नऊशे एक्केचाळीस आलं, एकाच्या आत, त्यामुळे आम्ही कड्याला जखडून ठेवणारे बोल्ट ठोकायचं रद्द केलं, धन्यवाद. फोटोही होता. कापलेला कडा, त्याच्या खाली एसटीचा निवारा, आणि निवाऱ्यात मांडीवर पिशवी घेऊन बसलेली कुणी एक बाई.

फाइल उघडल्यावर आम्रपालीबाईंना आठवलं की या कलमाला आपण वेडा आकडा घातला नव्हता. सोपं काम होतं, राहिलेलं उरकून टाकू म्हणून त्यांनी कड्यातलं पाणी काढून टाकलं, निव्वळ दगड आणि घर्षण ठेवलं, आणि एक पूर्णांक पस्तीसच्या जागी दहा घातले.

उत्तर हललं नाही.

त्यांना वाटलं बटण नीट दाबलं गेलं नाही. पुन्हा घातले. पन्नास घातले. उत्तर ढिम्म, तिसऱ्या दशांशापर्यंत तेच. मग त्यांनी पाणी परत आत घातलं. तर वजन दसपट केल्यावर कडा आणखीच भक्कम झाला. ढकलणाऱ्याचं वजन वाढवलं, थोपवणाऱ्याचंही तेवढंच वाढवलं. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखं माप टाकावं तसं; पाण्याचा जोर मात्र होता तेवढाच, म्हणून कडा भक्कम दिसला. मानक लावलं होतं, खूण केलेली होती, आणि त्या कलमाने तपासणी काडीचीही कडक होत नव्हती. साचा कधीचाच झिजलेला होता आणि त्यांनी त्यावर सही ठोकली होती.

त्यांनी रेघी कागद ओढला. पायथ्याचे ठोकळे आहेत तसे ठेवले, बाकीचे वाढवले आणि हाताने खाली उतरत आल्या. सहा वाजता उत्तर आलं. एक पूर्णांक एकशे अठरा. कडा नापास.

आणि हे वल्लरीने विचारलं होतं. अगदी हेच, भाकरी मोडता मोडता. बाई त्या दिवशी गप्प बसल्या असत्या तर वल्लरीच्या कागदावर बरोबर आलं असतं, बाईंच्या कागदावर चूक आली असती, हिंमतरावांच्या टेबलावर भांडण झालं असतं आणि बाई हरल्या असत्या. त्यासाठीच तर ती दोन पाकिटं होती.

हिंमतराव आतल्या खोलीत होते. बाई त्यांच्या दारापर्यंत गेल्या. एक चूक सांगायची तर सोपी होती, दुरुस्त करता येत होती. पण तपासणीच्या कागदावर खरं लिहायचं तर लिहावं लागणार होतं की तपासणारी आणि बनवणारी आठ महिने रोज एकत्र जेवत होत्या आणि कलमांवर बोलत होत्या. मग सगळीच कलमं संशयात. मग पुन्हा पहिल्यासारखा नियम, ओळीन् ओळ. मग वल्लरी तिकडच्या टेबलावर. बाईंनी वैजनाथांचा तेवढा विषय काढला. बोल्टचा निर्णय दोन दिवस थांबवायला सांगा, मला एक शंका आहे, म्हणाल्या. हिंमतरावांनी तिथल्या तिथे फोन लावला. बाकीचं बाईंनी सोमवारवर ढकललं.

रविवारी विहारातून त्या थेट मंडईत गेल्या. वल्लरीने सांगितलेल्या गाळ्यावर आंबाडी होती. दोन जुड्या घेतल्या. कशाला घेतोय हे त्यांना पक्कं माहीत होतं, तरी घेतल्या. भावाचा फोन आला तेव्हा त्याने विचारलं, "ताई, आवाज असा का?" "सर्दी आहे," त्या म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी चार भाकऱ्या केल्या. डबा उघडला. आधी सांगायचं ठरवून आल्या होत्या, पण वल्लरीने आंबाडी बघून हात चोळले आणि बाईंची जीभ उचलेना. जेवू दे तिला, मग सांगू. वल्लरी मुलीच्या क्लासचं काहीबाही सांगत जेवली. बाईंनी मोजले. तिने भाकरीचे नऊ तुकडे मोडले. शेवटचा तिने भाजीच्या तळाशी फिरवून घेतला, तेव्हा बाईंनी सांगायला सुरुवात केली.

सांगून झाल्यावर वल्लरी म्हणाली, "मी विचारलं होतं ना तुम्हाला?"

"विचारलं होतंस."

"म्हणजे माझं बरोबर होतं."

"तुझंच बरोबर होतं."

वल्लरीने हात पुसले. ती चिडलेली दिसत नव्हती. "ठीक आहे. आजच दुरुस्त करते, तासाभराचं काम आहे. वैजनाथांना कळवू, बाकीच्यांना नवीन व्हर्जन पाठवू. चूक झाली, सुधारली. जेवणाचं कशाला लिहायचं त्यात?"

"आपण किती कलमांवर बोललो, आठवतंय तुला?"

"सगळ्यांवर थोडंथोडं."

"मग ती सगळी मी तपासलेली नाहीत, वल्लरी. माझंच मी तपासलंय. ते कुणीतरी तिसऱ्याने परत बघायला हवं, आणि का बघायचं ते लिहिल्याशिवाय हिंमतराव बाहेरचा माणूस आणणार नाहीत."

"माझंही नाव येईल त्यात. अजून कायम झाले नाहीये मी इथे."

"चूक माझी म्हणूनच लिहीन. नियम माझा, मोडलाही मीच."

"आणि उद्यापासून?"

बाईंनी पलीकडच्या टेबलाकडे बघितलं. तिथे एक खुर्ची मोकळी होती. "उद्यापासून तू तिकडे."

"सातही जणांचं काम तुम्हीच तपासता. म्हणजे मी कुठल्याही कामावर गेले तरी तेच."

"हो."

"जेवताना कामाचं अजिबात नाही बोलायचं असं ठरवलं तर?"

"आधी तेच ठरवलं होतं आपण," बाई म्हणाल्या. "मला नाही जमत. तू समोर बसलीस की मला सांगावंसं वाटतं."

हे म्हणजे बाईंनी काळीज काढून टेबलावर ठेवलं होतं. पण वल्लरीला त्यात नियमच दिसला. नऊ वर्षांनी मिळालेल्या नोकरीवर टांगती तलवार आणणारी, आणि वर तिकडे जाऊन बस म्हणणारी बाई दिसली. तिला तरी दोष कसा द्यायचा? तिने डब्याचं झाकण लावलं, बाईंकडे सरकवलं आणि उठली.

"बरं, मॅडम," ती म्हणाली.

बाईंनी ते ऐकलं. मग हात धुऊन त्या हिंमतरावांच्या खोलीत गेल्या आणि तपासणीच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं: 'तपासणी स्वतंत्र नव्हती. बनवणारीचं वाचन बरोबर होतं, तपासणारीने ते बदलायला लावलं.' खाली सही, तारीख. हिंमतरावांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं.

"एकवीस वर्षांत तुमची पहिली चूक सापडली बाई, आणि तीही तुम्हालाच," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला सापडायची सोय तुम्ही ठेवली नव्हतीत म्हणा." मग चष्मा खाली घेत म्हणाले, "जेवायला एकत्र बसत होतात ते मला दिसत होतं. बरं वाटत होतं बघून, म्हणून बोललो नाही. तेवढं माझंही नाव घाला."

व्हर्जन मागे घेतलं. अकरा ठिकाणी फोन झाले. वैजनाथांनी बरंच ऐकवलं आणि बोल्ट परत नकाशात घातले. हैदराबादहून एक तपासणारा आला, त्याने दोन आठवडे बसून सगळी कलमं नव्याने पाहिली. आणखी दोन चुका निघाल्या, दोन्ही जेवताना झालेल्या. वल्लरीला नोकरीत कायम केलं, कारण कागदावर बाईंनीच लिहून ठेवलं होतं की तिचं बरोबर होतं.

आता पाकिटं पुन्हा बंद येतात. महिन्यातून दोनदा हिंमतरावांच्या टेबलावर फुटतात आणि बहुतेक वेळा जुळत नाहीत. मग वल्लरी टेबलाच्या एका बाजूला, बाई दुसऱ्या. "मॅडम, तुम्ही तळटीप वाचलीच नाही," असं ती तोंडावर म्हणते, आणि दहातल्या चार वेळा तिचंच खरं निघतं. हिंमतराव कपाळाला हात लावतात. बाईंना तो अर्धा तास संपू नये असं वाटतं. मुद्दा पटलेला असला तरी त्या कधीकधी आणखी एक शंका काढतात, म्हणजे वल्लरी आणखी पाच मिनिटं बोलेल. कुणाच्या ते लक्षात आलेलं नाही.

एक वाजता बाई आपल्या टेबलाशी डबा उघडतात. पितळेचा तुकडा बाजूला सरकवतात, जेवतात, परत जागेवर ठेवतात. समोरची खुर्ची तिथेच आहे. तिच्यावर त्यांनी अजून फाइली ठेवलेल्या नाहीत.

त्या सोमवारनंतर आठवडाभर हाताच्या सवयीने चार भाकऱ्या होत राहिल्या आणि त्यातल्या दोन रोज संध्याकाळी घरी शिळ्या खाल्ल्या गेल्या. आता दोनच होतात. सकाळी तवा दहा मिनिटं लवकर उतरतो, आणि त्या दहा मिनिटांचं काय करायचं ते बाईंना अजून कळलेलं नाही.